अंगुलिनिर्देशाची नीती

मराठीत 'बोट दाखवणे' आणि 'बोट धरणे' हे दोन वाक्प्रचार एकाच अवयवाभोवती घडलेले असले, तरी त्यांच्यातील नैतिक अंतर फार मोठे आहे. एकात आरोप आहे, दुसऱ्यात आधार. संस्कृताने तर अंगठ्याशेजारच्या बोटाला नावच 'तर्जनी' असे दिले. 'तर्ज्' या धातूचा अर्थ धमकावणे, दरडावणे असा आहे. करंगळीशेजारच्या बोटाला मात्र 'अनामिका' म्हटले. दरडावणारे बोट आणि नाव नसलेले बोट यांच्यामध्ये केवळ एका मध्यमेचे अंतर आहे. अपराध घडल्यानंतर समाजापुढे बहुधा हेच दोन मार्ग असतात : नाव घेऊन दोषी दाखवून देणे, किंवा दोष निनावी राहू देणे. यांपैकी कोणता मार्ग केव्हा न्याय्य ठरतो, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्याच्या विचारासाठी धर्मशास्त्राकडे किंवा दंडसंहितेकडे न जाता मी प्रथम एका खेळाकडे वळणार आहे. खेळात अपराध, साक्ष, निवाडा आणि शिक्षा हे सारे काही क्षणांत आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. त्यामुळे एरवी वर्षानुवर्षे लांबणाऱ्या न्यायप्रक्रियेत जे हरवून जाते, ते येथे स्पष्ट दिसते.

दिल्लीच्या करोल बागेतील एखाद्या शाळेच्या पटांगणावर चाललेला बास्केटबॉलचा सामना डोळ्यांपुढे आणावा. बास्केटखाली पाच-सहा मुले एकमेकांना खेटून उड्या घेतात, हात एकमेकांत अडकतात, कोणी तरी खाली पडतो आणि शिट्टी वाजते. पंच मूठ आवळून एक हात सरळ वर करतो, घड्याळ थांबते. नियमभंग झाला एवढे आता सर्वांना कळले आहे. तो कोणी केला हे मात्र अजून फक्त पंचाला ठाऊक आहे. ते त्याने त्याच जागी, त्याच क्षणी, त्या मुलाकडे हात करून सांगावे, की गुणलेखकाच्या टेबलापाशी जाऊन त्याचा क्रमांक सांगण्यापुरतेच सांगावे? वरवर पाहता हा पंचांच्या प्रशिक्षणवर्गातील एक किरकोळ तांत्रिक मुद्दा वाटेल. परंतु त्यावर जाणत्या पंचांमध्येही एकमत नाही, आणि त्यांच्या मतभेदाचे कारण तांत्रिक नसून नैतिक आहे.

एका पक्षाचे म्हणणे असे की निर्देश तत्काळ आणि उघड हवा. त्यावाचून प्रेक्षकांना, प्रशिक्षकाला आणि खुद्द खेळाडूंना निर्णय कळत नाही, आणि न कळलेला निर्णय अन्यायासारखाच वाटतो. दुसरा पक्ष म्हणतो की भर मैदानात एखाद्याकडे हात रोखणे हा त्याचा पाणउतारा होय. आधीच तापलेल्या खेळात त्यामुळे तेल ओतले जाते, आणि क्रमांक पुढे टेबलापाशी सांगितला जाणारच असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच नियमकर्त्यांनी या हावभावाचा विचार किती बारकाईने केला आहे, हे पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय नियमावलीत पुष्कळ वर्षे फाउलची खूण अशी होती : एका हाताची आवळलेली मूठ वर, आणि दुसऱ्या हाताचा तळहात जमिनीकडे करून तो दोषी खेळाडूच्या कमरेच्या रोखाने धरलेला. पुढे या खुणेतून दुसरा हात गळला आणि केवळ मूठ उरली. अमेरिकेतील शालेय सामन्यांच्या पद्धतीत हा दुसरा हात टिकून राहिला, पण ऐच्छिक म्हणून : संभ्रम असेल तेथे स्पष्टीकरणापुरता तो वापरावा.

या खुणेत तर्जनी नाही, तळहात आहे. तिचा रोख चेहऱ्याकडे नाही, कमरेकडे आहे. चेहरा ही माणसाची ओळख. त्याची लाज, त्याचा अभिमान चेहऱ्यावर उमटतो. कंबर हा देहाचा मध्य. धक्का बसतो तो देहाला, आणि तो देतो तोही देहच. म्हणजे 'तू असा आहेस' असे न म्हणता 'हे तुझ्याकडून घडले' एवढेच म्हणण्याची ही रीत आहे. क्रिकेटमधील पंच तर बाद देताना बोट फलंदाजाकडे करीतच नाही. तो ते स्वतःच्या डोक्यावर, आकाशाकडे उचलतो, आणि तेही बहुधा कोणी दाद मागितल्यावर. दोन्ही खेळांनी तर्जनीतील धाक ओळखला होता. एकाने तिची दिशा बदलली, दुसऱ्याने तिच्या जागी तळहात आणला.

कृती आणि कर्ता यांच्यातील हा विवेक आपल्या परंपरेला नवा नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या अखेरीस ज्ञानदेवांनी जे मागणे मागितले आहे, त्यात दुष्टांच्या नाशाची इच्छा नाही. त्यांच्यातील वाकडेपणा तेवढा गळून पडावा, अशी इच्छा आहे. आपल्या व्यवहारभाषेतही या विवेकाच्या खुणा आहेत. 'खोट' या शब्दाचा अर्थ धातूतील हीण असाही होतो आणि माणसातील दोष असाही. करोल बागेच्या गल्ल्यांतून सोन्याचे कारखाने आहेत, आणि सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेले मराठी गलाई व्यावसायिक येथेही पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. जुना दागिना मुशीत वितळवून, तेजाबाने त्यातील चांदी-तांबे वेगळे करून, ते शुद्ध सोने गिऱ्हाइकाच्या हाती देतात. त्यांच्या व्यवसायात खोट काढायची असते ती सोने परत मिळवण्यासाठी. आपण एरवी ज्याला 'खोट काढणे' म्हणतो, त्यात सोन्याचे काय झाले याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

परंतु केवळ सौम्यतेने हा प्रश्न सुटत नाही. हात कितीही मऊपणे दाखवला, तरी तो योग्य माणसाकडे गेला पाहिजे. आणि येथे खरी कठीण बाब सुरू होते. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे जे मूळ तेरा नियम लिहिले, त्यांत दोन अधिकारी कल्पिले होते. एकाने चेंडूवर लक्ष ठेवायचे, दुसऱ्याने माणसांवर. चेंडू कोठे आहे याचा निवाडा करणारा वेगळा, आणि माणूस कसा वागतो याचा निवाडा करणारा वेगळा. ही वाटणी मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. जेथे चेंडू असतो तेथे सर्वांचे डोळे असतात. अपराध मात्र पुष्कळदा चेंडूपासून दूर, कोणी पाहत नसताना घडतो. ज्याने प्रथम कोपर मारले तो सुटतो, आणि उलट धक्का देणारा सापडतो, हा मैदानावरचा नेहमीचा अनुभव आहे. शिवाय या खेळाच्या नियमांनुसार प्रत्येक स्पर्श हा फाउल नव्हे. आपल्या जागी रीतसर उभ्या असलेल्या खेळाडूवर दुसरा येऊन आदळला आणि पहिलाच कोसळला किंवा दुसराच कोसळला, तरी 'पडला कोण' यावरून दोष ठरत नाही. त्या आघाताला जबाबदार कोण, यावरून ठरतो. स्पर्श डोळ्यांना दिसतो. जबाबदारी दिसत नाही. ती शोधावी लागते.

स्पर्श आणि जबाबदारी यांच्यातील हे अंतर मराठी इतिहासाने एका भीषण प्रसंगी पाहिले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शस्त्रे गारद्यांच्या हाती होती. त्यांच्याकडे हात करणे सोपे होते आणि सोयीचेही. पेशवाईची सूत्रे हाती घेतलेल्या रघुनाथरावांना तेवढा निर्देश चाललाही असता. परंतु न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे शस्त्रापाशी थांबले नाहीत. चौकशीअंती त्यांनी खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि त्यांच्या राज्यात राहणे नाकारून पुणे सोडले. या घटनेच्या कथनात पुढे पुष्कळ नाट्य मिसळले आहे. पण तिचा नैतिक गाभा असा की, निर्देश करणाऱ्याने येथे अपराधाच्या साखळीतील सर्वांत जवळचा दुवा सोडून सर्वांत जबाबदार दुवा दाखवला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

त्याच खुनाविषयी लोकस्मृतीने मात्र दुसरेच बोट उचलले. 'धरावे' या शब्दातील 'ध' पुसून आनंदीबाईंनी 'मा' केला, ही आख्यायिका मराठी मनात इतकी रुजली की 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच झाला. ज्या कागदावर हा अक्षरबदल झाला म्हणतात, तो कागद इतिहासाच्या हाती लागलेला नाही. तरीही दोनशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या तोंडी ठळक राहिले आहे ते आनंदीबाईंचे नाव. रामशास्त्र्यांचा निर्देश चौकशीतून आला होता आणि तो सत्ताधीशाकडे गेला. लोकांचा निर्देश कथेतून आला, आणि तो त्या घरातील स्त्रीकडे गेला. एकाच अपराधाविषयीचे हे दोन निर्देश शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे बोटाचा स्वाभाविक कल कोणीकडे असतो हे कळते. ते जवळच्याकडे, एकट्याकडे, प्रतिकार करू न शकणाऱ्याकडे आपोआप वळते. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. एरवी 'चोर सोडून संन्याशाला सुळी' आणि 'वड्याचे तेल वांग्यावर' या म्हणी जन्माला आल्या नसत्या.

साहित्याच्या अभ्यासकाला या ठिकाणी विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात वेळ घालवण्यासाठी मांडलेला अभिरूप खटल्याचा खेळ हळूहळू खरा होतो, आणि लीला बेणारे या शिक्षिकेकडे सर्वांची बोटे वळतात. प्राध्यापक दामले मात्र अखेरपर्यंत रंगमंचावर येत नाहीत. ज्या कृत्यासाठी बेणारेबाईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, त्यात त्यांचा वाटा आहे. पण ते गैरहजर आहेत, आणि गैरहजर माणसाकडे बोट दाखवता येत नाही. या नाटकाविषयी स्त्रीच्या शोषणाच्या अंगाने विपुल लिहिले गेले आहे. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने मला त्यातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते : त्या खेळाला पंच नाही. जो आरोप करतो तोच साक्ष देतो, आणि निवाडा करणाराही साक्षीदाराच्या जागी येऊन उभा राहतो. मैदानावरचा खेळ पंचामुळे मर्यादेत राहतो. येथे खेळाचे नाव राहिले आणि मर्यादा गेली.

हे सारे इतिहासापुरते किंवा रंगभूमीपुरते आहे, असे मानण्याची सोय आपल्याला नाही. करोल बागेला लागूनच जुने राजेंद्रनगर आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले-मुली या दोन वस्त्यांत खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांत महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्यांची संख्या लक्षणीय आहे. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी पावसाचे पाणी तेथील एका शिकवणी संस्थेच्या तळघरात घुसले. ते तळघर वाचनालय म्हणून वापरले जात होते. तशा वापराची त्याला परवानगी नव्हती. तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. लगोलग अटकसत्र सुरू झाले, आणि अटक झालेल्यांत संस्थेच्या व इमारतीच्या मालकांबरोबर एक मोटारचालकही होता. तुंबलेल्या रस्त्यावरून त्याने गाडी नेली, तिच्यामुळे उठलेल्या लाटेने इमारतीचे फाटक तुटले आणि पाणी आत गेले, असा त्याच्यावर आरोप होता. दिल्ली उच्च न्यायालयाने या अटकेवरून पोलिसांना कठोर शब्दांत सुनावले. १ ऑगस्टला त्या चालकाला जामीन मिळाला. २ ऑगस्टला न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

बास्केटबॉलच्या भाषेत बोलायचे तर येथे स्पर्श घडला होता. लाट उठली होती, ती फाटकावर आदळली होती, आणि ते दृश्य चित्रफितीत दिसत होते. परंतु त्या आघाताला जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या दृश्यात नव्हते. ते तळघराच्या परवानगीच्या कागदांत होते, पाणी वाहून नेणाऱ्या गटारांत होते, आणि या दोहोंवर देखरेख ठेवण्याचे ज्यांचे काम होते त्यांच्या दप्तरांत होते. महापालिकेने आपल्या करोल बाग विभागातील एका कनिष्ठ अभियंत्याला सेवेतून काढले आणि एका सहायक अभियंत्याला निलंबित केले. त्यांचा दोष किती, हे ठरवणे माझे काम नाही. मात्र अशा वेळी निर्देशाचा हात शिडीच्या खालच्या पायऱ्यांपाशी थांबतो, हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे एक जुने लक्षण आहे. घाईने दाखवलेल्या बोटामुळे दुहेरी अन्याय होतो : निर्दोष माणूस भरडला जातो, आणि त्याच्या आड खरा जबाबदार माणूस उभा राहतो. मेलेल्यांच्या आईबापांना एक नाव मिळते, उत्तर मिळत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. एका व्यक्तीकडे बोट दाखवणे हेच मुळी चुकीचे. दोष व्यवस्थेचा असतो, सर्वांचा असतो, असे पुष्कळ विचारवंत म्हणतात. दुसऱ्याकडे एक बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळलेली असतात, हे सुभाषितही अशा वेळी ऐकवले जाते. आत्मपरीक्षणासाठी ते उत्तम आहे. परंतु पीडिताच्या तोंडावर ते फेकले की त्याचे रूपांतर तोंड दाबण्याच्या साधनात होते. सर्वच दोषी असले तर कोणीच उत्तर द्यायला बांधील राहत नाही. या बाबतीतही खेळाचे नियम आपल्या सार्वजनिक नीतीपेक्षा अधिक प्रौढ आहेत. बास्केटबॉलमध्ये खेळाडूचा फाउल एकाच वेळी दोन ठिकाणी मोजला जातो : त्याच्या स्वतःच्या नावावर आणि संघाच्या खात्यावर. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो. एका चतुर्थकात संघाचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलांची किंमत सारा संघ मोजतो. सामूहिक दोष वैयक्तिक दोषाला गिळत नाही, आणि वैयक्तिक दोष सामूहिक दोषावर पांघरूण घालत नाही.

याहूनही सूक्ष्म अशी एक तरतूद आहे. बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूने किंवा साहाय्यकाने गैरवर्तन केले, तर तांत्रिक फाउल मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर लिहिला जातो. मात्र तो लिहिताना अक्षर वेगळे वापरतात : प्रशिक्षकाच्या स्वतःच्या वर्तनासाठी 'सी', बाकावरच्यांच्या वर्तनासाठी 'बी'. वरिष्ठाने कनिष्ठांचे उत्तरदायित्व घ्यायचेच आहे. पण त्याने स्वतः केलेले आणि त्याच्या देखत झालेले यांत गल्लत करायची नाही. आपल्या चौकशी समित्यांच्या अहवालांत एवढे दोन अक्षरांचे तारतम्य आले असते, तरी पुष्कळ काही साधले असते.

दोषी व्यक्तीने स्वतःच पुढे व्हावे, हा तिसरा मार्ग सर्वांत श्रेष्ठ, असे कोणी म्हणेल. बास्केटबॉलने तोही करून पाहिला आहे. एके काळी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ज्याच्यावर फाउल दिला गेला त्याने स्वतःचा हात वर करणे अपेक्षित असे, आणि तसे नीट न करणे हाही नियमभंग मानला जाई. कल्पना सुंदर होती : पंचाने दाखवण्याऐवजी खेळाडूने कबूल करायचे. परंतु सक्तीची कबुली ही कबुली राहत नाही. ज्याला निर्णय चुकीचा वाटतो त्यालाही हात वर करावा लागे. म्हणजे शिक्षेबरोबर त्याच्याकडून संमतीही वसूल केली जाई. पुढे ही सक्ती नियमांतून गेली, हे मला योग्य वाटते. स्वतःहून हात वर करणाऱ्या खेळाडूचे मोल त्यामुळे वाढले. न्यायाला शिक्षा देण्याचा अधिकार आहे. पश्चात्ताप मागण्याचा अधिकार त्याला आहे असे मला वाटत नाही.

या विवेचनातून मूळ प्रश्नाचे जे उत्तर मला दिसते, ते असे आहे. निर्देश करावा तो संभ्रम असेल तेव्हा, म्हणजे त्यावाचून दुसऱ्याच कोणाच्या नावावर दोष लिहिला जाण्याचा धोका असेल तेव्हा. जेथे दोषी सर्वांना ठाऊकच आहे आणि तो उत्तर द्यायला उभा आहे, तेथे पुन्हा त्याच्याकडे हात रोखण्याने ज्ञानात भर पडत नाही, केवळ अपमानात पडते. जेथे दोषी बलवान आहे, गैरहजर आहे किंवा गर्दीत मिसळला आहे, तेथे मात्र निर्देश न करणे हा सौजन्याचा भाग नसून कर्तव्यच्युती आहे. कारण आपण गप्प बसलो तरी दोष हवेत राहत नाही, तो जवळच्या दुर्बळाच्या अंगावर जाऊन पडतो. त्या निर्देशापूर्वी, स्पर्श कोणाचा एवढ्यावर न थांबता जबाबदारी कोणाची, हे पाहिलेले असावे. आणि त्याचा रोख कृतीकडे असावा, चेहऱ्याकडे नसावा.

एक अट अजून राहते, आणि ती निर्देश करणाऱ्यासाठी आहे. मैदानावरचा पंच हात दाखवून मोकळा होत नाही. तो चालत गुणलेखकाच्या टेबलापाशी जातो; खेळाडूचा क्रमांक बोटांनी दाखवतो, फाउल कोणत्या प्रकारचा हे खुणेने सांगतो, त्याची शिक्षा काय तेही सांगतो, आणि ते सारे कागदावर उतरते. त्या कागदावर सामन्याच्या शेवटी त्याचीही सही असते. आपण बोट दाखवतो ते बहुधा चौकात, सभेत, आणि आता हातातल्या फोनवर. तेथे लिहून घेणारा कोणी नसतो आणि खाली सही करण्याची वेळही येत नाही. साहित्याच्या समीक्षकालाही ही अट लागू आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. एखाद्या कृतीत दोष आहे असे म्हणताना तो कोठे आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याने कृतीचे किती बिघडले, हे आपल्या नावानिशी लिहिण्याची ज्याची तयारी नाही, त्याने हात खिशातच ठेवलेला बरा.